निफाडच्या सातबाऱ्यावरील बदलती पिके

सातबारा उतारा दोन नमुन्यांचा मिळून बनतो. गाव नमुना सातवर जमीन कोणाची ते लिहिलेले असते आणि गाव नमुना बारावर त्या जमिनीत कोणत्या हंगामात काय पेरले ते. एकाच घराण्याकडे राहिलेल्या जमिनीच्या जुन्या-नव्या नोंदी एकाखाली एक ठेवल्या, तर सातवर आडनाव तेच राहते आणि वारसांची नावे वाढत जातात. बारावरची पिके मात्र साधारण दर पिढीला बदलतात. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका आणि त्याला लागून असलेला दिंडोरी, चांदवड, येवल्याचा भाग यांत हा बदल विशेष ठळक दिसतो. बाजरी, ऊस, कांदा, द्राक्ष आणि आता परवाना घेऊन लावायचे विदेशी वाण, असा सुमारे शंभर वर्षांचा हा प्रवास आहे. पाणी, वाटणी, बाजारपेठ आणि बियाणे या चार गोष्टींनी तो घडवला.

जिरायती शेत

नाशिक जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कमी होतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर निफाड-येवल्याकडे तो ५००-६०० मिलिमीटरच्या आसपास येतो. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या काठची जमीन काळी, कसदार आहे. पण पाटपाणी येण्याआधी तिच्यात मुख्यतः पावसावर येईल तेच पिकत असे. खरिपात बाजरी आणि तिच्यात तुरीचे पाटे, मटकी, हुलगा, मूग. रब्बीत हरभरा, गहू, करडई. हलक्या रानात भुईमूग, अशी ती रचना होती.

या शेताचे उत्पादन बहुतांशी घरात आणि गावातच संपत असे. बाजरीचे दाणे माणसांना आणि सरमड जनावरांना. डाळी आणि तेलबिया घरच्या, बैल घरचे, खत उकिरड्यावरचे. सुतार, लोहार, चांभार यांना बलुत्यापोटी धान्य मिळे. पाभरीने पेरायचे बी मागच्या सुगीतल्या निवडक कणसांचे असे आणि ते राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून कणगीत ठेवलेले असे. बाहेरून विकत आणायच्या वस्तू फार थोड्या होत्या: मीठ, कापड, लोखंड. एकाच रानात अनेक पिके मिसळण्यामागे विम्याचा विचार होता. पावसाने दडी मारली तर बाजरी हातची जाई. पण खोल मुळांची तूर किंवा काटक हुलगा काही ना काही देई. उत्पन्न कमी होते, पण सगळे एकदम बुडण्याची वेळही कमी येत असे.

विहिरीखालच्या थोड्या जमिनीला ‘मळा’ म्हणत. तिथे मोटेच्या पाण्यावर भाजीपाला, मिरची, थोडा ऊस निघे. मोटेला बैलजोडी लागे आणि दिवसभर मोट चालवूनही थोडेच रान भिजे. त्यामुळे मळ्याचा आकार पाण्यापेक्षा बैलांच्या ताकदीवर ठरत होता.

पाटपाणी आणि ऊस

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोदावरीवर नांदूरमधमेश्वर येथे बंधारा झाला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी कालवे निघाले. त्यांना पाणी पुरवण्यासाठी इगतपुरी तालुक्यात दारणा धरण बांधले गेले. ते १९१६ मध्ये पूर्ण झाले. घाटमाथ्यावर पडणारे पावसाचे पाणी अडवून ते अवर्षणप्रवण पूर्व भागात वापरण्याची ही योजना होती. या कालव्यांचा मोठा लाभ पुढे कोपरगाव-राहाता भागाला मिळाला. नाशिकजवळचे गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले.

बारमाही पाण्याला बारमाही पीक हवे होते आणि ते उसाच्या रूपाने मिळाले. आधी गुऱ्हाळे चालली, मग कारखाने आले. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याने जो नमुना घालून दिला, त्यावर निफाड आणि रानवड येथेही सहकारी कारखाने निघाले. ऊस लावला म्हणजे शेतकरी कारखान्याचा सभासद झाला, तोडीची तारीख कारखान्याने ठरवली आणि पैसे हप्त्याहप्त्याने बँकेत आले. शेताचा माल घरात न येता थेट गाडीतून बाहेर जाण्याची ही पहिली मोठी वेळ होती.

याच काळात मोट गेली. आधी ऑइल इंजिन आले, नंतर विजेचे पंप. एका विहिरीवर पूर्वीच्या कितीतरी पट रान भिजू लागले. बैलजोड्या कमी झाल्या, त्यांच्याबरोबर सरमडाची गरज घटली आणि बाजरीचे क्षेत्र आणखी आकसले. एक पीक शेतातून जाण्यामागे दुसऱ्याच कामातले यंत्र कारणीभूत असू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

बियाण्याचे नातेही बदलले. १९६५ मध्ये एचबी-१ हा भारतातील पहिला संकरित बाजरी वाण प्रसारित झाला. संकरित बी दरवर्षी नवे घ्यावे लागते. घरचे ठेवून पेरले तर त्याचा जोम टिकत नाही. कणगीतले बी आणि शेत यांचा शेकडो वर्षांचा संबंध इथे पहिल्यांदा तुटला. गव्हाच्या बाबतीत तो तितका तुटला नाही. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने गव्हाचे ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’ असे सरळ वाण दिले आणि सरळ वाणाचे बी शेतकऱ्याला काही वर्षे घरी राखता येते.

कांदा

रेल्वे १८६० च्या दशकात नाशिकमार्गे पुढे गेली आणि मुंबईची भाजीबाजारपेठ जवळ आली. पण भाजीपाला नासका. दूरच्या बाजाराला सोसेल असा माल म्हणजे कांदा. लासलगावची बाजार समिती १९४७ पासूनची आहे आणि देशातील कांद्याच्या भावाचा अंदाज आजही तिथल्या लिलावावरून घेतला जातो.

कांद्याचे वर्षात तीन हंगाम होतात. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा दिवाळीच्या आगेमागे निघतो, त्यानंतरचा रांगडा जानेवारी ते मार्चमध्ये आणि हिवाळ्यात लावलेला उन्हाळ कांदा मार्च ते मे महिन्यांत. पहिले दोन टिकत नाहीत; ते काढले की विकावे लागतात. उन्हाळ कांदा पात सुकवून, मान बारीक करून काढला तर पाच-सहा महिने चाळीत राहतो. चाळ म्हणजे खालून आणि बाजूंनी हवा खेळती राहील अशी, जमिनीपासून उचललेली लांबट, अरुंद साठवण. निफाडच्या वस्त्यांवर धान्याच्या कणगीची जागा या चाळीने घेतली. दोन्हींत फरक एवढाच की कणगीत पुढच्या वर्षाचे पोट साठवलेले असे आणि चाळीत पुढच्या भावाची आशा.

संशोधनाचा हातभार इथेही लागला. ‘बसवंत-७८०’ हा खरीप कांद्याचा वाण पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्राचे नाव घेऊन आला. तरीही अनेक शेतकरी आपल्याच रानातले सारख्या आकाराचे, घट्ट कांदे निवडून, ते पुन्हा लावून त्यांच्या गोंड्यांचे बी धरतात. घरच्या बियाण्याची जुनी चाल कांद्यात टिकून राहिली.

कांद्याने शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट शिकवली: भाव शेतात ठरत नाही. १९८० मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात उसाच्या आणि कांद्याच्या भावासाठी मोठे रस्ता-रेल रोको आंदोलन केले. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती ४ मे २०२४ रोजी खुली केली. या पाच महिन्यांत लाल आणि रांगडा कांदा बाजारात होता. उत्तम पीक येऊनही त्या हंगामाचा हिशेब दिल्लीतील एका अधिसूचनेने बदलला.

द्राक्ष

नाशिकच्या परिसरात पांगाऱ्याच्या आधारावर चढवलेले द्राक्षवेल जुन्या काळापासून होते. व्यापारी द्राक्षशेतीची सुरुवात मात्र निफाड तालुक्यातील ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी १९२५ मध्ये केली असे मानले जाते. सुरुवातीला भोकरी, फकडी ही बियांची द्राक्षे होती. नंतर हैदराबादकडून आलेले अनाब-ए-शाही पसरले. खरा पालट थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणाने झाला. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० च्या सुमारास स्थापन झाला आणि नवी तंत्रे त्याच्या शिवारफेऱ्या व चर्चासत्रांतून गावोगाव पोहोचली. शेतकऱ्यांनी स्वतःच्या बागांत वेगळे दिसणारे वेल हेरून त्यांपासून नवे वाणही काढले. सांगली जिल्ह्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांचा ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांचे ‘सोनाका’ व ‘शरद सीडलेस’ हे त्यांतले सर्वपरिचित वाण.

द्राक्ष हे मूळचे थंड हिवाळ्याच्या प्रदेशांतले पीक. तिथे वेल हिवाळ्यात पाने टाकून झोपतो आणि वसंतात फुटतो. महाराष्ट्रात तो बारा महिने हिरवा राहू पाहतो, म्हणून त्याला छाटणीने वळण लावावे लागते. एप्रिलमधील खरड छाटणीने जुने लाकूड काढून नवी काडी वाढवतात. उन्हाळ्यातील तीव्र प्रकाशात या काडीच्या डोळ्यांत घडांचा पाया तयार होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणीने तेच डोळे फोडून घड बाहेर काढतात. माल जानेवारी ते एप्रिलमध्ये येतो. वर्षाला दोन छाटण्या आणि एक पीक, या हिशेबावर येथील द्राक्षशेती उभी आहे. बिनबियांचा मणी मुळात लहान राहतो. तो फुगवण्यासाठी जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवतात. शेतकरी त्याला नुसते ‘जीए’ म्हणतात. त्याच्या जोडीला दाट घडातले मणी कमी करणारी विरळणी असते आणि हे बहुतेक काम स्त्रिया करतात. त्यासाठी पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या हंगामात निफाड-दिंडोरीत येतात.

द्राक्ष पसरण्यामागे वाटणीचा मोठा भाग आहे. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी वहितीचे क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. आजोबांच्या दहा एकरांचे तीन-चार वारसांत तुकडे झाले, विहीर सामाईक राहिली आणि पाण्याच्या पाळ्या ठरल्या. एवढ्याशा रानात बाजरीवर संसार चालणे शक्य नव्हते. एकरी उत्पन्न वाढवणारे पीक लावणे किंवा जमीन सोडून ओझरच्या विमान कारखान्यात, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी धरणे, हे दोन मार्ग होते. अनेक घरांनी दोन्ही धरले: एक भाऊ कंपनीत, दुसरा बागेत, आणि कंपनीतल्या पगारावर पहिला मांडव उभा राहिला.

द्राक्षाने शेताची वेळही बदलली. बाजरी नव्वद-शंभर दिवसांत निघते. चुकले तर पुढच्या पावसाळ्यात सुधारता येते. द्राक्षात खुंट लावायचा, त्यावर कलम करायचे, मांडव उभारायचा आणि पहिल्या मालासाठी दीड-दोन वर्षे थांबायचे. मग बाग बारा-पंधरा वर्षे राहते. क्षारयुक्त जमीन आणि पाण्याची ओढ यांना तोंड देण्यासाठी डॉगरिज या अमेरिकी जंगली द्राक्षाच्या खुंटाचा वापर रूढ झाला. पाठोपाठ ठिबक सिंचन आले. थोड्या पाण्यात बाग जगू लागली, पण घातलेला पैसाही जमिनीत अडकला. आता पीक बदलायचे तर आधी कर्ज फेडायला हवे.

निर्यात, प्रयोगशाळा आणि परवाना

१९९१ मध्ये महाग्रेप्स ही सहकारी संस्थांची निर्यात यंत्रणा उभी राहिली आणि महाराष्ट्राचे द्राक्ष युरोपच्या दुकानांत नियमित पोहोचू लागले. दक्षिण गोलार्धाचा हंगाम ओसरताना आणि उत्तरेचा सुरू होण्याआधी येणारा माल, ही त्याची जमेची बाजू होती. २००३ मध्ये काही मालात कीडनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक सापडले. त्यानंतर अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाने २००६ पासून ग्रेपनेट ही नोंदणीव्यवस्था सुरू केली. निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटला क्रमांक मिळाला, काढणीपूर्वी नमुना प्रयोगशाळेत जाऊ लागला आणि पेटीवरून प्लॉटपर्यंत मागे जाता येऊ लागले. तरी २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशांमुळे अनेक कंटेनर युरोपात अडकले. शेतकऱ्यांच्या बोलण्यात त्याचे नाव ‘लिहोसिन’ किंवा ‘सीसीसी’. हा पदार्थ खरड छाटणीनंतर, म्हणजे काढणीच्या कितीतरी महिने आधी, वापरला जात होता. फवारणीची वही तेव्हापासून पासबुकाइतकीच महत्त्वाची झाली.

द्राक्षाचे दुसरे रूप म्हणजे वाइन. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. त्याआधीच राजीव सामंत यांनी नाशिकजवळच्या आपल्या कौटुंबिक जमिनीवर आंबा, गुलाब, साग असे प्रयोग करून पाहिले होते आणि शेवटी वाइनची द्राक्षे लावून २००० मध्ये सुला हा वाइन कारखाना सुरू केला. वाइनच्या द्राक्षाला मणी मोठा नको असतो. वेलावर घड मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे रसात स्वाद उतरतो. करार केलेल्या शेतकऱ्याला भावाची हमी मिळते, पण तो माल खाण्याच्या बाजारात विकता येत नाही. २००८-०९ च्या मंदीत वाइनची मागणी घसरली तेव्हा काही वाइन कारखान्यांनी द्राक्षे उचलली नाहीत आणि अनेक ठिकाणी चांगल्या बागा उपटल्या गेल्या. एका गिऱ्हाइकावर उभे असलेले पीक त्या गिऱ्हाइकाबरोबर बसते, हे इथे दिसले.

अलीकडचा टप्पा परवानाधारक वाणांचा आहे. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी द्राक्ष निर्यातीत आघाडीवर आहे. विदेशी पैदासकारांचे रंगीत, कुरकुरीत, एकसारखे मणी देणारे वाण आता करार करून आणि स्वामित्वशुल्क देऊन लावले जातात. अशा वाणाची काडी शेजाऱ्याला देता येत नाही. कणगीतल्या बाजरीपासून इथवर येताना बियाण्याची मालकी पूर्णपणे शेताबाहेर गेली.

शेजारची पिके आणि धोके

सगळी जमीन कधीच एका पिकाखाली नसते. बाजरीच्या जागी खरिपात सोयाबीन आणि मका आले. मक्याला कोंबडीखाद्याची आणि दुभत्या जनावरांची मागणी आहे. गोठ्यात बैलांच्या जागी संकरित गाई बांधल्या गेल्या आणि दर दहा दिवसांनी मिळणारा दुधाचा पगार घरखर्चाला लागला. पिंपळगाव बसवंतच्या बाजारामुळे पावसाळी टोमॅटो वाढला. उत्तरेकडील कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा म्हणजे ‘कसमादे’ पट्ट्यात कमी पाण्यावर डाळिंब रुजले. त्याला शासनाच्या १९९० च्या रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेचा आधार मिळाला. पुढे तेल्या या जिवाणूजन्य रोगाने त्या बागा मोठ्या प्रमाणावर गेल्या आणि अनेकांनी सीताफळ, पेरू, शेवगा असे पर्याय शोधले.

हवामान हा या सगळ्यातला न सुटलेला प्रश्न आहे. द्राक्षाला फुलोऱ्यात आणि मणी पिकताना पाऊस चालत नाही. फुलोऱ्यात पाऊस झाला तर केवडा हा रोग पसरतो, मण्यांत गोडी भरताना झाला तर मणी तडकतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने राज्यभर उभी पिके झोडपली आणि त्यात द्राक्षबागांचेही मोठे नुकसान झाले. निफाडची कडाक्याची थंडीही प्रसिद्ध आहे. पारा फार खाली गेला की पिकण्याच्या बेतातला माल थांबतो. पाऊस-गारांच्या भीतीने काही बागांवर आता प्लास्टिकचे आच्छादन दिसते. त्याचा खर्च मांडवाच्या खर्चात आणखी भर घालतो.

पिढ्यांचा हिशेब

पाच टप्पे शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. जिरायती शेताचे नशीब आभाळावर होते. ऊस कालव्यावर आणि कारखान्यावर, कांदा लिलावावर आणि अधिसूचनेवर, निर्यातीचे द्राक्ष प्रयोगशाळेच्या अहवालावर आणि नवे वाण परवान्यावर अवलंबून आहेत. प्रत्येक पायरीवर एकराचे उत्पन्न वाढले आणि निर्णयाची जागा बांधापासून एकेक पाऊल दूर गेली. आभाळावरचे अवलंबित्व मात्र यांतल्या एकाही पिकाने संपवले नाही. त्यावर नवे अवलंबित्व चढत गेले.

म्हणून टिकलेल्या शेतांची मांडणी बहुधा सारखी असते. बागेखाली निम्मे किंवा त्याहून कमी रान, बाकीच्यात कांदा, मका किंवा सोयाबीन, गोठ्यात दोन-चार गाई आणि घरात एखादी नोकरी. जुन्या मिश्र पिकांच्या ओळींमधला विमा आता पैशाच्या वेगवेगळ्या वाटांत विभागला गेला आहे. ज्या घरांनी सगळे रान एकाच पिकाखाली आणले, त्यांना वाइनच्या मंदीचा किंवा तेल्याचा फटका सर्वांत जास्त बसला.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि बारा नंबरवरची नोंद शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून, शेतात उभा राहून करू लागला. निफाडच्या बागायती गावांतील या नोंदींत बाजरी आता क्वचित आढळते. घरोघरी भाकरी अजूनही होते. ती बाजरी बहुतेक ठिकाणी दुकानातून येते.